इंग्रजी ध्वनींचा तक्ता घोकण्याआधी तोंडाला विचारायचे तीन प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फोनेटिक्सच्या पेपरसाठी इंग्रजी व्यंजनांचा तक्ता तीनदा पाठ केलात आणि तिन्ही वेळा आठवडाभरात विसरलात. 'व्हॉइसलेस बायलेबियल प्लोझिव्ह' वगैरे नावं एकमेकांत मिसळतात. एका पुस्तकात 44 ध्वनी आहेत, दुसऱ्यात त्याहून कमी. 'थिंक'मधला पहिला ध्वनी दंत्य आणि आपला 'थ'ही दंत्य, मग दोन्ही एकच का नाहीत, हे कुठेच नीट सांगितलेलं नाही. आणि शेवटी, हे सगळं शिकून बोलण्यात काही फरक पडतो का, की ही नुसती परीक्षेपुरती नावं आहेत?

मी 22 वर्षं हा विषय शिकवते आहे आणि दरवर्षी निम्मा वर्ग नेमका तुमच्यासारखाच अडतो. अडचण स्मरणशक्तीची नसते. तक्त्यातली नावं आहेत ओठांच्या, जिभेच्या, गळ्याच्या हालचालींची, आणि आपण ती पाठ करतो डोळ्यांनी, वहीत बघून. पाण्यात न उतरता पोहायला शिकावं तसा हा प्रकार होतो. म्हणून हे उत्तर वाचताना एक विनंती: उदाहरणं मोठ्याने म्हणा. शेजारचे बघतील, बघू देत.

आधी 44चा घोळ मिटवू. ही संख्या सगळ्या इंग्रजीची नाही. इंग्रजीच्या एका उच्चारपद्धतीची आहे. इंग्लंडमधली प्रमाण मानली गेलेली उच्चारपद्धत, रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन, जिला सगळे आरपी म्हणतात, तिच्यात 24 व्यंजनं आणि 20 स्वर धरतात. स्वरांत 12 साधे आणि 8 संयुक्त. अमेरिकन इंग्रजीत 'हिअर', 'केअर', 'टूर' या शब्दांच्या शेवटी र स्पष्ट उच्चारला जातो, त्यामुळे आरपीत तिथे जे तीन संयुक्त स्वर मोजतात ते वेगळे मोजायची गरज उरत नाही आणि संख्या घटते. नावांचंही तसंच. जुन्या पुस्तकात 'सेमी-व्हॉवेल' असेल तिथे नव्यात 'अप्रॉक्सिमंट' दिसेल; 'शिप'मधल्या 'श'ला कुणी पॅलॅटो-ॲल्व्हिओलर म्हणेल, कुणी पोस्ट-ॲल्व्हिओलर. दोघंही बरोबर असतात. तुमच्या अभ्यासक्रमाला जे पुस्तक लावलंय त्याचीच नावं परीक्षेत लिहा आणि या वादात पडू नका. मी खाली आरपी धरून बोलते, कारण बहुतेक पाठ्यपुस्तकं तीच धरतात.

दुसरी गोष्ट, वर्गीकरण ध्वनींचं असतं, अक्षरांचं नाही. हे वाक्य सगळेच मान हलवून ऐकतात आणि लगेच विसरतात. शिकवायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी मी फळ्यावर मोठा सुबक तक्ता काढला, रंगीत खडूंनी. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, यात एक्स कुठल्या चौकटीत बसतो?" मी तासभर तक्ता समजावला होता आणि या मुलीच्या डोक्यात अजून एबीसीडीच चालली होती, पण चूक माझीच. एक्स हे अक्षर आहे. 'बॉक्स'मध्ये त्याचे दोन ध्वनी होतात, क आणि स. 'एक्झाम'मध्ये ग आणि झ. तसंच सी हे अक्षर 'सिटी'त स असतं आणि 'कॅट'मध्ये क. तेव्हापासून माझा पहिला तास फळ्याशिवाय होतो.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीतला प्रत्येक ध्वनी फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या हवेवर होतो, त्यामुळे हवा येते कुठून हा प्रश्न इंग्रजीपुरता विचारावाच लागत नाही. व्यंजनासाठी उरतात तीन प्रश्न: गळ्यात कंप आहे का, हवेची अडवणूक कुठे झाली आणि ती किती व कशी झाली. 'व्हॉइसलेस बायलेबियल प्लोझिव्ह' हे नाव म्हणजे या तीन प्रश्नांची त्याच क्रमाने दिलेली उत्तरं: कंप नाही, दोन्ही ओठांशी, पूर्ण अडवून सोडली. परीक्षेतही क्रम हाच ठेवायचा.

पहिला प्रश्न सगळ्यांत सोपा. कंठमण्यावर दोन बोटं ठेवा आणि 'सू'मधला नुसता 'स्' लांबवा. बोटांना काही जाणवणार नाही. आता 'झू'मधला पहिला ध्वनी लांबवा, माशी गुणगुणते तसा. बोटांखाली गुरगुर जाणवेल. तिथे स्वरतंतू जवळ येऊन थरथरताहेत. हा भेद आपल्याला परका नाही. कंठ आवळलेला असला की नाद आणि उघडा असला की श्वास, हे प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांत, आलेलं आहे, आणि आपण शाळेत जे घोष-अघोष शिकलो ते हेच. पाठांतराच्या दृष्टीने एक हिशेब उपयोगी पडतो: इंग्रजीच्या 24 व्यंजनांत अघोष फक्त 9 आहेत. 'पिन', 'टिन', 'किन', 'चिन', 'फिन', 'थिन', 'सिन', 'शिन' आणि 'हिम' यांचे पहिले ध्वनी. बस्स. उरलेली 15 व्यंजनं आणि सगळेच्या सगळे स्वर घोष. म्हणजे 44पैकी 9च लक्षात ठेवायचे.

दुसरा प्रश्न जागेचा. इथे आपली वर्णमाला कामाला येते. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य: घशापासून ओठांपर्यंतचा हा प्रवास आपण बालवाडीत असताना चालीवर म्हटलाय. इंग्रजीचा तक्ता तोच प्रवास उलट दिशेने करतो, ओठांपासून आत. दोन्ही ओठ: प, ब, म. खालचा ओठ आणि वरचे दात: 'फॅन' आणि 'व्हॅन'चे पहिले ध्वनी. जिभेचं टोक आणि दात: 'थिन' आणि 'देन'. मग येते इंग्रजीची आवडती जागा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागून हळूहळू वर सरकवा. दात संपले की हिरडीचा एक खडबडीत उंचवटा लागतो आणि त्याच्या मागे टाळू एकदम खोल जातं. तो उंचवटा म्हणजे ॲल्व्हिओलर रिज, मराठीत वर्त्स. 'टिन', 'डिन', 'सिन', 'झू', 'नून', 'लूक' या सहा शब्दांचे पहिले ध्वनी तिथे होतात. त्याच्या जरा मागे 'शिप', 'चिप', 'जीप' आणि 'प्लेझर'च्या मधला झ. र-ही त्याच आसपास. मग कडक टाळूशी य, मऊ टाळूशी क, ग आणि 'किंग'च्या शेवटचा ङ, आणि सगळ्यांत आत, स्वरतंतूंच्या फटीत, ह. 'वेट'मधला व दोन ठिकाणी होतो, ओठांशी आणि मऊ टाळूशी, म्हणून तक्त्यात तो कुठेही टाकला तरी थोडा उपराच वाटतो.

जागा कळत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. ध्वनीच्या स्थितीत जीभ तशीच ठेवायची, आवाज थांबवायचा आणि तोंडाने जोरात श्वास आत ओढायचा. जिथून हवा जाते तिथे गार लागतं. 'स' धरून ओढा, जिभेच्या टोकाशी, मधोमध गार लागेल. 'ल' धरून ओढा, जिभेच्या दोन्ही कडांना गार लागेल आणि मधे काहीच नाही, कारण ल उच्चारताना जीभ मधली वाट बंद करते आणि हवा बाजूंनी जाते. पार्श्विक किंवा लॅटरल हे नाव त्यावरून पडलंय. हा प्रयोग एकदा केलेला माणूस 'लॅटरल' शब्द पुन्हा विसरलेला मी पाहिलेला नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि मराठी माणसाची गाडी खरी अडते ती इथे. हवा किती अडवली? पूर्ण अडवून सोडली तर स्पर्श, प्लोझिव्ह: प, ब, ट, ड, क, ग. तोंडाची वाट बंद, पण मऊ टाळू खाली येऊन नाकाची वाट उघडी, तर अनुनासिक: म, न, ङ. 'म्म्म' म्हणत नाक चिमटीत धरा, आवाज जागीच बंद पडेल. वाट बंद न करता इतकी अरुंद केली की हवा घासत, फुसफुसत जाते, तर घर्षक, फ्रिकेटिव्ह. असे इंग्रजीत 9 आहेत, सगळ्यांत मोठा गट. आधी पूर्ण बंद आणि मग त्याच जागी हळूच घासत सोडली, तर अफ्रिकेट, म्हणजे स्पर्श-घर्षक: 'चिन' आणि 'जिन'चे पहिले ध्वनी. आणि जवळ गेलो पण घासण्याइतकंही नाही, तर अप्रॉक्सिमंट: य, व आणि इंग्रजी र. हा र उच्चारताना जिभेचं टोक वर जातं पण कुठेही टेकत नाही. आपला र टकटक टेकतो.

तुमच्या 'थ'चं उत्तर या तिसऱ्या प्रश्नात आहे. मराठी 'थ' म्हणताना जीभ दातांना चिकटते, वाट पूर्ण बंद होते आणि मग हवा ह-कारासकट फुटते. तो दंत्य स्पर्श आहे, महाप्राण. 'थिंक'मधला ध्वनी दंत्य घर्षक आहे: जीभ दातांना नुसती टेकल्यासारखी, हवा फटीतून सतत जाते. जागा एक, घोष-अघोष एक, तऱ्हा वेगळी. पारख करायची सोपी रीत म्हणजे लांबवून बघणं. 'थिंक'चा पहिला ध्वनी पाच सेकंद ताणता येतो. आपला 'थ' ताणायला जा. ताणला जाईल तो त्याच्या मागचा श्वास किंवा स्वर, थ स्वतः नाही. स्पर्श हा क्षणाचा असतो. हीच कसोटी 'दे' म्हणजे 'ते लोक' या इंग्रजी शब्दाला लावा. आपण सरळ मराठी 'द' म्हणतो, जो ताणता येत नाही.

याच कसोटीवर आणखी एक जण पकडला जातो. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत: 'चार'मधला तालव्य आणि 'चारा'मधला दंततालव्य. त्यामुळे आपल्याला वाटतं, की इंग्रजी 'झू', 'झिरो' आपल्याला सहज जमतात, कारण 'माझा', 'जाऊ' आपण रोजच म्हणतो. पण 'जाऊ'चा ज उच्चारताना जीभ आधी क्षणभर टेकते, मग घासते. तो स्पर्श-घर्षक आहे. 'झू'मध्ये जीभ टेकतच नाही. 'स्' म्हणत राहा आणि न थांबता त्यात फक्त गळ्याचा कंप मिसळा; जे निघेल ते खरं 'झू'तलं व्यंजन. वीस-वीस वर्षं इंग्रजी बोलणाऱ्या माणसांनाही हे पहिल्यांदा करताना चमकल्यासारखं होतं.

म्हणजे वर्णमाला आपल्याला शिडीही देते आणि खड्डाही. तिच्यामुळे जागा आणि घोष चटकन कळतात, पण तिच्या पाच वर्गांत घर्षक एकही नाही. श, ष, स, ह वेगळे, शेवटी येतात. शिवाय परंपरेने 'च'ला स्पर्शच मानलंय. त्यामुळे मराठी कान परक्या घर्षकाला जवळच्या स्पर्शात ढकलतो. ट आणि ड यांचं थोडं वेगळं आहे. तिथे तऱ्हा तीच, जागा चुकते. आपली जीभ मागे वळते, इंग्रजीची त्या खडबडीत उंचवट्यावर टेकते, आपल्या 'त' आणि 'ट'च्या अधेमधे. आणि 'व'? मराठीत खालचा ओठ दातांजवळ जातो पण घासत नाही, तोंड गोलही होत नाही. इंग्रजीत 'व्हेस्ट'ला ओठ दाताखाली हवा आणि फुसफुस हवी. 'वेस्ट'ला शिट्टी वाजवताना होतात तसे गोल ओठ हवेत आणि दातांचा संबंध नको. आपण दोन्हीकडे मधलाच एक 'व' वापरतो आणि ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो.

एवढं झाल्यावर मी वर्गात स्वतःच्याच तक्त्याला थोडा सुरुंग लावते, कारण तक्ता जे 'घोष' म्हणतो ते पूर्ण खरं नाही. तोंडासमोर चार बोटांवर कागदाची पट्टी धरा. इंग्रजी पद्धतीने 'पिन' म्हणा, पट्टी उडायला हवी. 'स्पिन' म्हणा, उडत नाही. इंग्रजीत प, ट, क हे शब्दातल्या जोर असलेल्या सिलेबलच्या सुरुवातीला महाप्राण होतात आणि स-च्या मागे आले की होत नाहीत. इंग्रजी माणसाला हा फरक जाणवतही नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. एकाच ध्वनीची ही दोन रूपं, एकाच स्वनिमाचे (म्हणजे अर्थ बदलू शकणाऱ्या ध्वनी-एककाचे) उपस्वन, म्हणजे ॲलोफोन. आपल्या भाषेत मात्र 'पळ' आणि 'फळ' असे दोन शब्द त्याच फरकावर उभे आहेत. जुन्या, ओठ मिटून म्हणायच्या 'फ'बद्दल बोलतेय मी. उलट, इंग्रजी 'ब' शब्दाच्या सुरुवातीला बरेचदा धड घोष नसतो. त्यामुळे मराठी माणूस बिनहवेचं 'पिन' म्हणतो तेव्हा इंग्रजी कानाला ते 'बिन' वाटू शकतं. शब्दाच्या शेवटीही तसंच. 'बीट' आणि 'बीड' म्हणून बघा. इंग्रजी बोलणारा शेवटचा ड फारसा दणकून म्हणत नाही; तो आधीचा ई लांबवतो, आणि 'ट'च्या आधी तोच ई आखूड करतो. ऐकणारा बराचसा भेद त्या स्वराच्या लांबीवरून ओळखतो. म्हणून काही अभ्यासक घोष-अघोषऐवजी मृदू-कठोर अर्थाचे लेनिस आणि फोर्टिस हे शब्द वापरतात. तुमच्या पुस्तकात ते दिसले तर घाबरू नका, भानगड हीच आहे.

आता स्वर. स्वरात हवा कुठेच अडत नाही, म्हणून कुठे अडली, कशी अडली हे प्रश्न तिथे चालत नाहीत, आणि म्हणूनच स्वरांचा तक्ता वेगळा, चौकोनी असतो. तिथले प्रश्न: जीभ किती वर, तिचा कुठला भाग वर, ओठ गोल की पसरट. हनुवटीखाली बोट ठेवून 'बीट, बिट, बेट, बॅट' म्हणा. बोट पायरी पायरीने खाली जाईल. चारही पुढचे स्वर, वरून खाली. मागचे: 'बूट'चा ऊ, 'बुक'चा उ, 'कॉल'चा लांब ऑ, 'हॉट'चा आखूड ऑ, 'कार'चा आ. मधले तीन: 'बर्ड'चा (आरपीत र वगळून), 'कप'चा आणि 'अबाउट'च्या सुरुवातीचा. झाले बारा. ओठांचं उत्तर इंग्रजीत जवळजवळ फुकट मिळतं: पुढचे स्वर कधीच गोल नसतात, मागचे असतात, अपवाद 'कार'चा. फ्रेंच शिकणाऱ्यांना ही चैन नाही.

पण स्वरांत हाताला काही लागत नाही. जीभ कुठे टेकत नसल्यामुळे 'किती वर' हे सांगायला खूण नसते. म्हणूनच ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्डिनल व्हॉवेल्सची पद्धत बसवली: कुठल्याच भाषेचे नसलेले, तोंडाच्या टोकाच्या स्थितींना बांधलेले ठरावीक स्वर, ज्यांच्या तुलनेत बाकीच्यांची जागा सांगायची. विद्यार्थी त्यांना इंग्रजीचे स्वर समजून पाठ करतात. ती फूटपट्टी आहे, कापड नाही.

आणि इथे देवनागरीची मर्यादाही उघडी पडते. खाट या अर्थाचा 'कॉट' आणि 'कॅच'चा भूतकाळ 'कॉट' आपण सारखेच लिहितो. आरपीत ते दोन वेगळे स्वर आहेत, पहिला आखूड आणि दुसरा लांब, दुसऱ्यात ओठही जास्त गोल. अनेक अमेरिकन मात्र दोन्ही एकसारखेच म्हणतात. 'शिप' आणि 'शीप'बद्दल आपण म्हणतो, की एक ऱ्हस्व, एक दीर्घ, संपलं. नुसतं ताणून भागत नाही. 'शिप'चा इ उच्चारताना जीभ जरा खाली आणि मधे असते. तुम्ही 'शिप' कितीही ताणलंत तरी 'शीप' होत नाही. संयुक्त स्वरांचं उलट होतं: इंग्रजी 'डे' आणि 'गो' यांच्यात जीभ चालत असते, ए-कडून इ-कडे, ओ-कडून उ-कडे, आणि आपण दोन्ही मराठीसारखे सपाट ठेवतो. आपल्या 'ऐ' आणि 'औ'मध्ये जी हालचाल होते, तीच इथे हवी.

य, व, ह यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. तोंडाच्या दृष्टीने य म्हणजे घाईतला ई आणि व म्हणजे घाईतला ऊ. ह तर पुढच्या स्वराचाच अघोष श्वास. मग त्यांना व्यंजन का म्हणायचं? कारण ते वागतात व्यंजनासारखे. 'युनिव्हर्सिटी'च्या आधी 'ॲन' लागत नाही, 'अ' लागतो, लिहिताना पुढे यू हा स्वर दिसत असला तरी, कारण उच्चार य-पासून सुरू होतो. 'अवर' म्हणजे तास, त्यात एच लिहिलेला असतो पण म्हटला जात नाही, म्हणून 'ॲन'. उलट 'बॉटल'च्या शेवटचा ल व्यंजन असून स्वराची जागा घेतो. ध्वनी तोंडात कसा होतो आणि भाषेत कसा वागतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत; त्यांची नावं वेगळी ठेवावीत म्हणून अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी 1943 मध्ये, तोंडात स्वरासारखा होणाऱ्या ध्वनीला 'व्होकॉइड' आणि व्यंजनासारखा होणाऱ्याला 'कंटॉइड', हे शब्दही सुचवले होते. परीक्षेत एवढं एक वाक्य लिहिलंत तरी चालेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: उपयोग काय? 1886 मध्ये पॅरिसमध्ये ज्या संस्थेपासून आजची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी निघाली, ती पॉल पासी आणि त्यांच्यासारख्या भाषाशिक्षकांनीच काढली होती. उच्चार शिकवायची सोय म्हणूनच हे सगळं सुरू झालं. पण मला पटलेला उपयोग वेगळा आहे. गट ठाऊक असले की नियम एका ओळीत मावतो. 'कॅट्स' म्हणताना शेवटी स येतो, 'डॉग्झ' म्हणताना झ, 'बसेस'मध्ये मधे इ घालून झ. लिहिताना मात्र कायम एसच. पन्नास शब्द पाठ करायचे? गट लावा: शेवट सूं-सूं करणाऱ्या सहांपैकी एकाने, म्हणजे स, झ, श, 'प्लेझर'चा झ, च, ज यांच्यापैकी, झाला तर इझ, नाहीतर अघोष असेल तर स, बाकी सगळीकडे, स्वरांनंतरसुद्धा, झ. भूतकाळाचंही असंच: ट किंवा ड नंतर इड, बाकी अघोषांनंतर ट, उरलेल्या घोषांनंतर ड. 'वॉन्टेड', 'वॉश्ट', 'प्लेड'. 'डॉग्स' असा सकारान्त उच्चार आपण सर्रास करतो, त्याचं कारण स्पेलिंग; औषध 'घोष' हा एकच शब्द. आणि हे काही इंग्रजीचं कौतुक नाही. 'अंक', 'पंच', 'पंडित', 'संत', 'कंप' म्हणा आणि अनुस्वाराकडे लक्ष द्या. दर वेळी तो पुढच्या व्यंजनाच्या जागी सरकतो: ङ, ञ, ण, न, म. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तोंडाला गट आधीच माहीत होते. इंग्रजी माणूस भराभर बोलताना 'टेन बॉइज'चं 'टेम बॉइज' करतो तेही याच कारणाने.

अभ्यासाची रीत म्हणाल तर तक्ता आठवडाभर मिटून ठेवा. रोज दोन शब्द घ्या, आरशासमोर एकेका ध्वनीवर थांबा, गळ्यावर बोट ठेवा, श्वास आत ओढून बघा, ताणता येतोय का बघा, आणि मग नाव लिहा. नंतर तक्ता उघडून ताडून बघायचं. सुरुवातीला एका शब्दाला दहा मिनिटं लागतील, दोन आठवड्यांनी अर्धं मिनिट.

एक जोडी मी करून दाखवते. 'सिंगर' आणि 'फिंगर'. स्पेलिंग बघून वाटतं फक्त पहिला ध्वनी वेगळा. 'सिंगर': स, म्हणजे अघोष, वर्त्स्य, घर्षक, मग आखूड इ, मग ङ, घोष, मऊ टाळूशी, अनुनासिक, आणि शेवटी 'अबाउट'च्या सुरुवातीचा मधला स्वर. चार ध्वनी, ग नाहीच. 'फिंगर': फ, अघोष, ओठ-दात, घर्षक, इ, ङ, आणि इथे जीभ मऊ टाळूवरून न हलवता नाकाची वाट बंद होते, हवा कोंडते आणि फुटते: ग, घोष, त्याच जागेचा स्पर्श, मग तोच मधला स्वर. पाच ध्वनी. आपण मराठी सवयीने दोन्हीकडे ग म्हणतो. आता 'लाँग' आणि त्याचं 'लाँगर' घ्या, शब्दकोशाचा उच्चार ऐका, आणि ग कुठे आहे, कुठे नाही ते मला कळवा.